उष्टावण मामाच्या सुट्टीला, जेवण आजपासून

"मावशी, माझं माहेर चंदगड तालुक्यात, सासर कर्नाटकातल्या खानापूरकडे. बाळाला सहा महिने पूर्ण होऊन दहा दिवस झाले. उष्टावण मामाच्याच हातून व्हायला पाहिजे, असं सासूबाई म्हणतात. माझा भाऊ फौजेत, त्याला सुट्टी मिळणार बाळाच्या आठव्या महिन्यात. तोवर अन्नाचा कण द्यायचा नाही, फक्त डाळीवरचं पाणी आणि मधाचं बोट. बाळ तर आमच्या ताटावर झेप घेतंय. रात्री सारखं उठतं, म्हणून शेजारीण म्हणते, तुझं दूध पुरत नाही, दुधाच्या पावडरीचा डबा आण. अंगणवाडीतून पिठाचं पाकीट मिळालंय, पण त्यावर सगळं कन्नड. काय करू?"

पोरी, सगळ्यात आधी मध बंद कर. आजच. वर्षाच्या आतल्या लेकराला मध द्यायचाच नाही, मग तो दुकानातला असो नाहीतर रानातल्या पोळ्याचा. मधात कधीकधी एका जंतूची बीजं असतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात रुजली तर विष तयार होतं आणि बाळ लुळं पडू शकतं. मध नुसता उकळूनही ही बीजं मरत नाहीत.

आता उष्टावणाचं. मुलाचं उष्टावण सम महिन्यात, हा आपल्याकडचा रिवाज. म्हणजे आठवा महिना सासूबाईंच्या हिशेबात बसतो आणि मामाच्या हातून व्हावं ही त्यांची हौसही खरी आहे. ती मोडू नकोस. सोन्याची अंगठी, खीर, पाहुणे, सगळं मामा आल्यावर होऊ दे. पण जेवणाला तोवर थांबता येणार नाही. पोटात असताना आईकडून मिळालेला लोहाचा साठा साधारण सहाव्या महिन्यापर्यंत संपत येतो आणि अंगावरच्या दुधात लोह अगदी थोडं असतं. दूध कमी पडतंय असं नाही, बाळाची गरज वाढली आहे. त्यामुळे डबा आणायचं काही कारण नाही. रात्री उठणं या वयात असतंच. अंगावर पाजणं दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेव, जेवण त्याच्या जोडीला.

डाळीवरच्या पाण्यानं पोट भरतं, अंगी लागत नाही. डाळ खाली राहते आणि बाळाला पाणी मिळतं. तीच मुगाची डाळ भाताबरोबर मऊ शिजव, घोटून घे, वर अर्धा चमचा तूप. चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही, इतपत दाट हवं.

नाचणीचं मात्र सासूबाईंवर सोपव. हे मी मनापासून सांगते. नाचणी निवडून रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत खडखडीत वाळवायची, मंद आचेवर खमंग भाजायची, दळून बारीक फडक्यातून गाळायची. हे काम त्यांच्या हाताला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. मोड आल्यानं नाचणीतलं लोह अंगाला जास्त लागतं. शिवाय अशा पिठाची लापशी पातळ होते, म्हणून थोड्या पाण्यात जास्त पीठ मावतं, आणि बाळाच्या इवल्याशा पोटाला तेच पाहिजे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. "आत्या, तुमच्या हातचं सत्त्व बाळाला पाहिजे," असं म्हणून बघ. पहिला चमचा देवासमोर त्यांनाच भरवू दे. आणि हे बोलायला नवऱ्याला बरोबर घे, सगळा भार तू एकटीनं उचलू नकोस.

सुरुवातीला दिवसातून दोनदा, दोन-तीन चमचे. हळूहळू तीनदा आणि अर्धी वाटी. नऊ महिने पूर्ण झाल्यावर तीन-चार वेळा. जिभेनं बाहेर ढकललं म्हणजे आवडलं नाही असं नाही, त्याला गिळायची सवय नाही अजून. आज नको म्हटलं तर दोन दिवसांनी परत दे, एकेका पदार्थाला आठ-दहा वेळाही लागतात. जबरदस्ती करू नकोस. भरवताना बाळ मांडीवर सरळ बसलेलं असू दे, आडवं पाडून ओतायचं नाही.

तुमच्या भागात रताळी मुबलक. उकडून, कुस्करून, तुझंच थोडं दूध घालून दे. जवारी म्हणजे गावठी केळं, पपई, जवारी कोंबडीचं नीट उकडलेलं अंडं, सगळं चालतं, फक्त नवा पदार्थ एका वेळी एकच. शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट लापशीत कालवून दे, पण अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत हातात नको, घशात अडकतो. मीठ, साखर, गूळ बाळ वर्षाचं होईपर्यंत नको. गाईचं दूध लापशीत थोडं चालेल, प्यायला वर्षानंतर.

पाकिटाचं म्हणशील तर अंगणवाडीच्या सेविकेकडे घेऊन जा. खानापूर भागात बहुतेकींना मराठी येतं. तीन गोष्टी विचार: पिठात साखर किंवा गूळ आहे का, शिजवायचं किती वेळ आणि किती तारखेपर्यंत वापरायचं. त्याच फेरीत वजन करून घे आणि तायी कार्डातल्या, म्हणजे आई-बाळाच्या सरकारी कार्डातल्या, आलेखावर टिंब मारायला सांग. दर महिन्याला ती रेघ वर चढते का, हे बघायला कन्नड यावं लागत नाही. आशाताईंकडे लोहाच्या औषधाचंही विचार. ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंतच्या मुलांना ते आठवड्यातून दोनदा १ मिलि देतात.

नवा पदार्थ दिल्यावर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, सारखी उलटी झाली किंवा धाप लागली, तर घरगुती काही करत बसू नकोस, सरळ दवाखाना गाठ. रेघ दोन महिने जागची हलली नाही, तरीही डॉक्टरांना दाखव.