इग्वानाला ऊब आणि उजेड : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

थंडी पडायला लागली की माझ्याकडे सगळ्यात जास्त प्रश्न इग्वानाच्या, म्हणजे घरात पाळतात त्या मोठ्या सरड्याच्या, दिव्यांचेच येतात, म्हणून या वेळी तेवढेच घेतलेत.

प्रश्न (घोडबंदर रोड) : ताई, आमचा टँक हॉलच्या खिडकीला लागूनच आहे, सकाळी दोन-तीन तास मस्त ऊन येतं आत. मग ती महागाची यूव्हीबी ट्यूब घ्यायलाच पाहिजे का?

हो, घ्यायलाच पाहिजे. काचेतून उजेड येतो, गरमी येते, पण यूव्हीबी, म्हणजे उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण, जवळजवळ सगळे काचेतच अडकतात आणि तुमच्याकडे तर दोन काचा झाल्या, एक स्लायडिंगची आणि एक टँकची. यूव्हीबी नाही तर कातडीत डी-३ जीवनसत्त्व बनत नाही, डी-३ नाही तर तुम्ही घालताय त्या पाल्यातलं कॅल्शियम नीट अंगी लागत नाही, मग शरीर हाडांतलंच कॅल्शियम काढून वापरायला लागतं. जबडा मऊ पडतो, बोटं थरथरतात, मांड्या फुगल्यासारख्या दिसतात आणि घरच्यांना वाटतं बाळ चांगलं भरलंय.

माझा पहिला इग्वाना सोफ्यावरून खाली उतरला आणि मागचा पाय मोडला. सोफ्यावरून! एक्स-रेमध्ये हाडं इतकी फिकट होती की डॉक्टरांनी पहिला प्रश्न ट्यूबचाच विचारला. ट्यूब होती हो, छान पेटत होती, पण दोन वर्षं तीच. ट्यूब पेटते म्हणजे यूव्हीबी येतंय असं नसतं, ते हळूहळू कमी होत जातं आणि आपल्या डोळ्यांना काही कळत नाही. म्हणून सांगते, चांगल्या कंपनीची टी-५ (बारीक जाडीची) ट्यूब, यूव्हीबी १० किंवा १२ टक्के लिहिलेली, तो बसतो त्या फांदीपासून साधारण फूट-दीड फूट वर, मध्ये काच-प्लास्टिक काही नको, बारीक जाळीसुद्धा बरंच अडवते. वर्षाने बदलायचीच, आणि लावली त्या दिवशीची तारीख मार्करने ट्यूबच्या टोकाला लिहून ठेवा.

आणि तो टँक आधी खिडकीपासून हलवा, प्लीज. थेट उन्हात बंद काचेची पेटी थोड्या वेळात भट्टी होते, आणि त्याला पळायला जागाच नसते. खरं ऊन द्यायचं असेल तर गॅलरीत जाळीचा पिंजरा, अर्ध्यावर सावली, आणि तुम्ही स्वतः तिथे बसलेल्या, कारण आपल्याकडे घारी आणि कावळे काय कमी आहेत का.

प्रश्न (ऐरोली) : दुकानदाराने लाल बल्ब दिलाय, रात्रभर चालू ठेवा म्हणाला, त्यांना लाल उजेड दिसत नाही म्हणे.

दिसतो. इग्वानाला रंग चांगले कळतात, वर डोक्यावर मधोमध जो छोटा फिकट ठिपका दिसतो ना तो तिसरा डोळा, त्याने चित्र दिसत नाही पण उजेड-अंधार कळतो. रात्री पूर्ण अंधार पाहिजे, बारा तास दिवे, बारा तास बंद. ऊब लागली तर सिरॅमिक हीटर लावा, त्याला उजेडच नसतो. फक्त होल्डर चिनी मातीचा घ्या, प्लास्टिकचा वितळतो, भोवती जाळी लावा म्हणजे इग्वाना चिकटून भाजणार नाही, आणि थर्मोस्टॅट (ठरवलेलं तापमान झालं की हीटर आपोआप बंद करणारं यंत्र) लावल्याशिवाय चालू करू नका.

प्रश्न (कळवा) : गरम होणारा दगड मिळतो तो चालेल का?

नाही. पोट भाजेपर्यंत इग्वाना त्यावरून हलत नाही. त्यांच्या जंगलात ऊन वरून येतं, फांदीवर पसरून ते पाठीवर घेतात, तीच सवय घरात पण राहते. असेल तर प्लग काढून साधा दगड म्हणून ठेवा.

प्रश्न (खारघर) : डिसेंबरपासून खाणं जवळपास बंद, रंग पण काळपट झालाय. बल्ब आहे ६० वॅटचा. हाताने भरवू का?

भरवू नका! आधी तापमान बघा. काळपट रंग म्हणजे बऱ्याचदा तो गारठलाय आणि मिळेल तेवढी ऊब ओढून घेतोय. हा प्राणी पूर्ण पाला खाणारा, तो पाला पचतो मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंमुळे आणि त्यांना गरमी लागते, थंड पोटात ढकललेलं अन्न तसंच पडून राहतं, सडतं. बसायच्या फांदीवर ३५ ते ३८ डिग्री पाहिजे, दुसऱ्या टोकाला २६ ते २८, रात्री २४ च्या खाली नको. खारघरला डोंगराच्या बाजूला पहाटे किती गार होतं ते तुम्हाला मी काय सांगायचं. वॅटवर जाऊ नका, मोजा. प्रोबवाले (वायरच्या टोकाला तापमान मोजणारा तुकडा असलेले) दोन डिजिटल थर्मामीटर घ्या, एक प्रोब फांदीवर त्याची पाठ येते तिथे, दुसरा थंड बाजूला, काचेवर चिकटवायची गोल तबकडी बऱ्याचदा काहीही दाखवते. नीट ऊब मिळूनही तीन-चार दिवसांत खाल्लं नाही तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या, आणि पोट फुगून शी बंद असेल तर आजच.

प्रश्न (नेरूळ) : लाइट गेली तर काय करायचं?

पावसाळ्यात दोन-चार तासांनी काही बिघडत नाही, हवा उबदारच असते. थंडीतल्या रात्री गेली तर बाटलीत गरम पाणी भरून टॉवेलमध्ये गुंडाळून आत ठेवा, पिंजऱ्यावर चादर टाका, थोडी हवा खेळती ठेवून. इन्व्हर्टर असेल तर आधी हीटर त्यावर घ्या, ट्यूब एक दिवस नसली तरी चालतं. आणि लाइट आल्यावर टायमर बघायला विसरू नका, फिरत्या चकतीवाले टायमर लाइट गेली की तिथेच थांबतात, मग असं चार वेळा झालं की त्याची सकाळ अकराला उजाडते आणि आपण म्हणतो हा हल्ली उशिरा का उठतोय.