कोलकात्याला चारही दिवस द्या, पहिली सकाळ मात्र पुलाखाली

ताई, तुम्ही विचारलंय की सासू-सासरे आणि मुलांना घेऊन दार्जिलिंगला निघालोय, वाटेत कोलकात्याला चार दिवस ठेवू की एका रात्रीत उरकू, कारण मिस्टर म्हणतात तिकडे नुसती गर्दी आणि घाण. माझं उत्तर चार दिवस. आणि हे सांगतेय कोण, तर २०२५ च्या जानेवारीत निघताना मी स्वतः दीड दिवसाच्या वर एक तास द्यायला तयार नव्हते!

गर्दी-घाण आहेच, खोटं कशाला बोलू. कल्याणहून गीतांजलीत बसलो, तीसेक तासांनी हावड्याला उतरलो आणि सासूबाईंनी नाकाला जो पदर लावला तो थेट हॉटेलपर्यंत. तिथे बुक केलेल्या दोन रूमपैकी एकच मिळाली, दुसरी म्हणे उद्या. पाच माणसं एका खोलीत, झोप कुणालाच नाही, शेवटी पहाटे अंधारातच सासरे उठून बसले आणि म्हणाले चला, पूल तरी बघून येऊ.

आमचे सासरे बत्तीस वर्षं फॅब्रिकेशनमध्ये होते हे सांगायला हवं. हावडा ब्रिज १९४३ चा, नदीच्या पात्रात एकही खांब नाही, साधारण २६,५०० टन पोलाद, त्यातलं बहुतेक टाटांचं, आणि सांधे नट-बोल्टचे नाहीत तर रिव्हेटचे, म्हणजे तापवून ठोकलेल्या जाड खिळ्यांचे. हे त्यांना आधीच पाठ होतं, पण तिथे गेल्यावर गप्प झाले. एका रिव्हेटच्या टोपीवरून अंगठा फिरवत राहिले, बाजूने डोक्यावर टोपल्या घेतलेले हमाल ओरडत धावतायत आणि हे आपले हटायला तयार नाहीत. मग दिसलं की लोखंडाच्या बुंध्याशी फायबरग्लासची आवरणं आहेत, कारण पानाच्या पिचकाऱ्यांनी तिथलं पोलाद खाल्लं होतं! आपल्याकडे जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावतात त्याचाच मोठा भाऊ. सासरे इतके हसले की विचारू नका.

पुलाखालीच मल्लिक घाटाचा फूलबाजार. झेंडूच्या माळा अजगरासारख्या गुंडाळून खांद्यावर टाकलेली माणसं, पायाखाली सगळा चिखल, आणि त्या चिखलात आमच्या सासूबाई चपला हातात घेऊन कमळांचा भाव करतायत. बंगालीत तो, मराठीत या. पदर नाकावरून कधी खाली आला त्यांना कळलंही नाही. दादर फूलबाजार रोजचा असलेली बाई, पण म्हणाल्या एवढं फूल मी एकत्र पाहिलं नाही गं. माझं म्हणाल तर मी तिथेच फसले, मातीच्या इवल्याशा भांड्यातला चहा (त्याला ते भाँड म्हणतात), समोर हुगळी, धुकं, घाटावर अंघोळी चाललेल्या, आणि दीड दिवसाचा प्लॅन नवऱ्याला न विचारता मनातल्या मनात चार दिवसांचा झाला.

तिथून टॅक्सी करू नका, लाँच पकडा, वडापावपेक्षा स्वस्त तिकीट. आम्ही बागबाजारला उतरलो. तिथे एका गल्लीचं नाव मराठा डिच लेन! मुलगी ओरडली, आई आपलं नाव! मिठाईच्या दुकानातल्या आजोबांना महाराष्ट्र म्हटल्यावर ते डोळे मिचकावून म्हणाले, ओ, बर्गी! झालं होतं असं की नागपूरकर भोसल्यांच्या स्वारीच्या भीतीने १७४२ मध्ये कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, अर्धवटच राहिला, मराठे शहरात आलेच नाहीत, आणि पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बर्गी म्हणजे आपले बारगीर, मराठा घोडेस्वार, तिकडे आजही अंगाईत बाळाला त्यांची भीती घालतात. बाकी त्या स्वाऱ्यांत बंगालने जे सोसलं ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही, सासरेही जरा ओशाळले. आजोबांनी मात्र नोलेन गुडाचा संदेश (छेन्याची मिठाई) हातावर ठेवला आणि एकाचे पैसे घेतलेच नाहीत. हा खजुरीचा गूळ थंडीतच मिळतो, त्यामुळे जमलं तर डिसेंबर-जानेवारीच धरा.

व्हिक्टोरिया मेमोरियल आणि इंडियन म्युझियम सोमवारी बंद, तो दिवस दक्षिणेश्वरचं कालीमंदिर आणि रामकृष्ण मिशनचा बेलूर मठ यांना द्या, पण मठ दुपारी बंद असतो हे लक्षात ठेवा. म्युझियम १८१४ चं आहे, मुलांना ममी दाखवा आणि बाहेर काढा, सगळं बघायला गेलात तर म्हातारी माणसं बसकण मारतील. व्हिक्टोरिया मला तरी बाहेरूनच आवडलं. नदीखालून जाणारी मेट्रो (२०२४ पासून, हावडा मैदान-एस्प्लनेड) नक्की करा, पाण्याखाली पाऊण मिनिटच असता पण मुलं मोठ्याने सेकंद मोजतात. ट्राम आता मोजक्याच मार्गांवर उरल्यात, दिसली की चढा, कुठे जाते ते नंतर विचारा.

सासूबाई शाकाहारी असतील तर घाबरू नका, सकाळी हिंगाची कोचुरी आणि आलूर दम, रात्री मारवाडी भोजनालयं आहेतच. आमच्या तर मासळीच्या वासाचं काही बोलल्याच नाहीत, कमळं मात्र परतीच्या गाडीत ओल्या पंच्यात गुंडाळून रायपूरपर्यंत जपली.

एक सांगा, सासऱ्यांचे गुडघे कसे आहेत? घाटाच्या पायऱ्या निसरड्या असतात आणि लाँचला चढताना फळी हलते. त्रास असेल तर बाबूघाटाकडून कसं जायचं ते लिहिते.