काकूंची एफडी, चिरंजीवांचे ऑप्शन आणि डिसेंबरातलं लग्न

"मार्केट पडलंय, एसआयपी बंद करू का?" २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हा एकच प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की शेवटी मी तो दाराबाहेरच्या पाटीवर लिहून खाली उत्तर देऊन टाकावं असं वाटायला लागलं. कारणही तसंच होतं म्हणा, सप्टेंबर २०२४ मध्ये निफ्टी, म्हणजे शेअर बाजार किती वर-खाली झाला ते दाखवणारा आकडा, २६ हजाराच्या वर होता आणि मार्च उजाडेपर्यंत २२ हजारावर आला, सलग पाच महिने घसरण, आणि कोविडनंतर बाजारात आलेल्या पोरांनी असलं काही बघितलंच नव्हतं.

माझी खोली बडोद्याला दांडिया बाजारात, वरच्या मजल्यावर. १८ वर्षं बँकेत काढली, मग समुपदेशनाचा कोर्स केला, आणि माझ्याकडे येणारी निम्मी भांडणं शेवटी पैशावर येऊन थांबतात हे लवकरच कळलं. एक आधीच सांगते, कोणता शेअर घ्या हे मी सांगत नाही, फी घेऊन असा सल्ला द्यायला सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते आणि ती माझ्याकडे नाही. मी फक्त माणसांना आपापल्या पैशाकडे नीट बघायला बसवते.

तर होळीनंतरच्या शनिवारी एक काकू आल्या, अठ्ठावन्नच्या असतील, शाळेत क्लार्क होत्या, मिस्टर चार वर्षांपूर्वी गेले. हातात कापडी पिशवी, पिशवीत एफडीच्या पावत्या रबरबँड लावून. मागे मुलगा, २७ वर्षांचा, मकरपुऱ्याला जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नोकरी, पगार ३४ हजार. त्याला आपण चिरंजीव म्हणू. बसायच्या आधीच काकू म्हणाल्या, "ताई, याचं ते मार्केट बंद करून द्या, सगळंच्या सगळं. बाजूच्या बेन म्हणतात शेरबजार म्हणजे सट्टो, आणि त्यांच्या दिरांचं घर गेलंय त्याच्यात." चिरंजीव लगेच, "मॅडम तुम्हीच समजवा आईला, सगळं स्वस्तात मिळतंय ने आता, हीच तर वेळ आहे, एफडी मोडून सात लाख टाकले तर ताईच्या लग्नापर्यंत नऊ-दहा तरी होतील."

ताई म्हणजे त्याची बहीण, तिचं लग्न डिसेंबरात. म्हणजे नऊ महिने हातात.

आता गंमत बघा, दोघं भांडत होते "मार्केट" या एकाच शब्दावरून, पण काकूंच्या मनात होता जुगार, चिरंजीवांच्या मनात होतं पैसे दीडपट करायचं मशीन, आणि त्याच्या फोनमध्ये प्रत्यक्षात होत्या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी. मी त्याला फोन टेबलावर ठेवायला सांगितला आणि म्हटलं, काय काय आहे ते काकूंना तूच दाखव, एकेक करून.

पहिली होती एसआयपी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम म्युच्युअल फंडात टाकायची. एप्रिल २०२४ पासून महिन्याला ३ हजार, निफ्टीच्या इंडेक्स फंडात. ३६ हजार भरलेले, दिसत होते ३३ हजार आणि काहीतरी, लाल रंगात. काकू म्हणाल्या, "बघा, बुडाले ना अडीच हजार!"

मी विचारलं, काकू, तुमचा फ्लॅट आज विकायला काढला आणि कोणी कमी भाव सांगितला तर पैसे बुडाले म्हणाल का? म्हणाल्या, "विकायचाय कुणाला?" हेच. शेअर म्हणजे कंपनीतला छोटासा वाटा, कंपनीने कमावलं तर त्या कमाईत तुमचाही हिस्सा, आणि निफ्टीचा फंड म्हणजे देशातल्या ५० मोठ्या कंपन्यांचे असे वाटे एकाच टोपलीत. त्या वाट्याचा भाव रोज कोणीतरी ओरडून सांगतं, फ्लॅटचा सांगत नाही, एवढाच फरक. मग कागदावर करून दाखवलं. फंडाच्या एका युनिटचा, म्हणजे एका हिश्श्याचा, भाव ६० असताना ३ हजारात ५० युनिट येतात, भाव ५० झाला की त्याच ३ हजारात ६० येतात, म्हणजे ६ हजारात ११० युनिट, सरासरी साडेचोपन्नच्या आसपास. भाव परत ५५ झाला तरी तुम्ही वर. काकूंनी स्वतः पेन घेऊन भागाकार केला, क्लार्क होत्या ना, आणि मान हलवली.

अर्थात एसआयपीला मी काही देव मानत नाही. भाव परत वर आलाच नाही तर ही सगळी सरासरी कागदावरच राहते, एखाद्या कंपनीच्या किंवा एकाच धंद्याच्या फंडाच्या बाबतीत तसं होऊही शकतं. ५० कंपन्यांच्या टोपलीत ती भीती कमी, पण वेळ द्यावा लागतो, आणि किती वेळ हे आधी कोणी सांगू शकत नाही. २००८ मध्ये सेन्सेक्स, निफ्टीसारखाच बाजाराचा दुसरा आकडा, जानेवारीत २१ हजार होता, ऑक्टोबरात ९ हजाराच्या खाली, आणि परत २१ हजार दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडला. जवळजवळ तीन वर्षं. हे मी मुद्दाम चिरंजीवांकडे बघून सांगितलं.

आणि माझंही सांगून टाकलं, लपवायचं काय त्यात. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के पडला तेव्हा मी, बँकेत आयुष्य घालवलेली बाई, घाबरून सगळे फंड विकून मोकळी झाले होते. वर्ष संपायच्या आत बाजार आधीच्या पातळीच्याही वर गेला. तो पैसा मला त्या वर्षी लागणारच नव्हता, पुढचीही पाच वर्षं लागला नाही. मग विकला कशाला? भीती वाटली म्हणून, दुसरं काहीही नाही.

मग म्हटलं, आता दुसरी गोष्ट दाखव. चिरंजीव गप्प. "ते असंच, थोडंसं ट्रेडिंग." थोडंसं म्हणजे? काकूंना माहीत होतं वीस हजार गेलेत. त्याने गॅलरी उघडून हिरवे स्क्रीनशॉट दाखवायला सुरुवात केली, हा दिवस अडीच हजार, हा दिवस चार हजार. मी म्हटलं फोटो नकोत, ॲपमध्ये टॅक्स पी अँड एल म्हणून नफा-तोट्याचा रिपोर्ट असतो तो काढ, पूर्ण वर्षाचा. त्याने तो कधी उघडलाच नव्हता, खरंच नव्हता. उघडला तर ४१२ सौदे, तोटा १ लाख १४ हजार, आणि खाली अजून एक ओळ होती, चार्जेस, साधारण २७ हजार. म्हणजे ब्रोकरेज, टॅक्स, एक्स्चेंजची फी. ऑर्डरमागे वीस-वीस रुपये म्हणून काही वाटत नाही, पण घेताना वीस, विकताना वीस, वर जीएसटी, वर एसटीटी म्हणजे सौद्यावरचा सरकारी कर, आणि हे तुम्ही जिंका नाहीतर हरा, जातातच. एकूण १ लाख ४१ हजार.

काकू काही बोलल्या नाहीत. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. अशा वेळी मी पण बोलत नाही, खालच्या दुकानात फरसाण तळल्याचा वास येत होता तेवढाच. मग तोच म्हणाला की ऐंशी हजाराचं लोन पण आहे, ॲपवरचं, २८ टक्क्यांनी.

शेवटचा सौदा होळीच्या दिवसाचा, गुरुवारचा. त्या वेळी निफ्टीच्या ऑप्शनची एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपायचा दिवस, गुरुवारी असायची. सकाळी त्याने २२,५०० चा कॉल ऑप्शन घेतला होता, ८० रुपयांनी, एका लॉटमध्ये, म्हणजे गठ्ठ्यात, ७५, म्हणजे ६ हजार. संध्याकाळी शून्य. काकूंना हे काही केल्या समजेना, "शून्य कसं, वस्तू तर असेल ना काहीतरी?" मी म्हटलं काकू, घराचा इसार देतो ना तसं समजा. अमुक भावाने घ्यायचा हक्क, गुरुवार संध्याकाळपर्यंत, त्याचे ६ हजार. निफ्टी तेवढ्या वेळात साडेबावीस हजाराच्या वर, दिलेले ८० सुटून उरेल इतका, गेला तर फायदा, नाही गेला तर इसार गेला, आणि ज्याने तो ऑप्शन विकला त्याच्या खिशात गेला. इथे तुम्ही कशाचेच मालक नसता. बाजार पुढच्या महिन्यात वर गेला तरी तुम्हाला उपयोग नाही, तुमचा गुरुवार संपला.

ऑप्शन ही वाईटच चीज आहे असं नाही, मोठ्या लोकांना आपल्याकडच्या शेअरचा विमा म्हणून ते कामाला येतात. पण ३४ हजार पगारवाल्या पोराने लंचटाइमला कॅन्टीनमध्ये बसून, टेलिग्रामवरच्या कुणाचे तरी "जॅकपॉट कॉल" बघून करायचं ते काम नव्हे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे काढले होते, तीन वर्षांत एक कोटीहून जास्त सामान्य लोकांनी एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनचे सौदे, केले, त्यातले ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा खर्च धरून दोन लाखाच्या आसपास. आणि मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट ही की तोटा झालेल्यांपैकी तीन चतुर्थांश लोक तरीही खेळतच राहिले. चिरंजीव म्हणाला, "भरून काढायचे होते मॅडम." माझ्याकडे येणारे सगळे हेच वाक्य म्हणतात, अगदी याच शब्दांत. बाजाराला माहीतच नसतं तुमचे किती गेलेत, तो कशाला परत देईल?

त्याला रागवून उपयोग नव्हता, तो आधीच खाली मान घालून बसलेला. मी एकच विचारलं, यातला कोणता पैसा तुम्हाला कधी लागणार आहे? दोघांनी मिळून सांगा. शेअर चांगले की एफडी चांगली या वादापेक्षा मला हाच प्रश्न कामाचा वाटतो, बाकीचं निम्मं त्यातूनच सुटतं.

सात लाख डिसेंबरात लागणार. म्हणजे ते बाजारात जाणारच नाहीत, स्वस्त असो नाहीतर फुकट असो. ऑक्टोबरात बाजार अजून पडला तर मंगल कार्यालयवाला थांबणार आहे का? हे चिरंजीवाला पटलं, २००८ च्या आकड्याने पटलं असावं. पण काकूंचा चेहरा खुलला तेव्हा मी त्यांनाही सोडलं नाही. सगळे सात लाख एकाच सहकारी बँकेत, का तर अर्धा टक्का व्याज जास्त. काकू, ठेवींवर विमा एका बँकेत एका माणसाला पाच लाखापर्यंतच, मुद्दल आणि व्याज धरून. वरच्या दोन लाखांचं काय? "बँक आहे ना ती, बुडते का कधी?" असं म्हणाल्या खऱ्या, पण म्हणता म्हणता स्वतःच थांबल्या. जूनमध्ये एक पावती पिकणार होती, ती दुसऱ्या बँकेत टाकायची ठरलं. काकू म्हणाल्या मग महाराजांच्याच बँकेत टाकते. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत बँक ऑफ बडोदाला अजून असंच म्हणतात, सयाजीरावांनी १९०८ साली काढलेली ना.

लोन तर कालच फेडायला हवं होतं. तो एसआयपी वाढवायचं म्हणत होता, मी म्हटलं अरे २८ टक्के खात्रीने देणारी गुंतवणूक जगात कोणी देत असेल तर मलाही सांग, तुझ्याकडे ती आहे, ते लोन फेडणं. शेवटी त्याच्या पगारातून महिन्याला नऊ हजार लोनला, आणि ते संपल्यावर तीन महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे बाजूला, बचत खात्यातच, हाताशी. ३ हजाराची एसआयपी मात्र चालू ठेवायची, गणिताने बघितलं तर तीही लोनमध्येच जायला हवी होती, पण एवढं सगळं एकदम काढून घेतलं की पोरं परत पळतात हा माझा अनुभव, म्हणून ठेवली. तो पैसा त्याला पंधरा वर्षं लागणार नव्हता. काकूंनी विचारलं, मग सगळंच एफडीत का नाही? तर ७२ चा हिशोब सांगितला, महागाई ६ टक्के धरली तर ७२ भागिले ६, बारा वर्षांत आज शंभराला मिळतं ते दोनशेला. लांबच्या पैशाला थोडी तरी वाढ लागते.

आणि ॲपमधला एफ अँड ओ सेगमेंट, म्हणजे त्या सौद्यांचा विभाग, बंद. माझ्यासमोरच. चालू करायला दोन मिनिटं लागतात, बंद करायचं बटण शोधायला आम्हाला वीस मिनिटं लागली, सेटिंगच्या आत कुठेतरी. सोबत एक दोनशे पानी रेघांची वही दिली, प्रत्येक सौदा पेन्सिलीने लिहायचा, घेतला कशासाठी, गेले किती आले किती, आणि महिन्याअखेरी काकूंची सही.

जूनपर्यंत निफ्टी परत पंचवीस हजारावर आला होता. मला मार्चमध्ये ते माहीत नव्हतं, कोणालाच नव्हतं, आणि आला नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

नोव्हेंबरात दोघं पत्रिका द्यायला आले. लोनचे दोन हप्ते राहिले होते. मी विचारायच्या आतच चिरंजीवाने वही पुढे केली. बहुतेक पानं कोरी. ऑगस्टमध्ये दोन ओळी, सेगमेंट परत चालू केला, एकदा ७०० गेले, एकदा ४५०, कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "मित्राने घेतला म्हणून." खाली काकूंची सही, क्लार्कची असते तशी लांबलचक, आणि सहीशेजारी लाल पेनाने, "पाहिले. ११५० रु. पगारातून वळते केले."