पोळ्याच्या नंदीचं लाकूड माघातच घ्या

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी नंदी मिरवतात, त्या तान्ह्या पोळ्यासाठी नंदी, बंडी (छोटी बैलगाडी) आणि लहान खेळणी करणाऱ्या वर्धा, नागपूर, चंद्रपूर भागातल्या वाढई-कारागिरांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी बऱ्याच तक्रारी एका सवयीपाशी येऊन थांबतात. आषाढात लाकूड आणायचं आणि श्रावण संपायच्या आत नंदी उभा करायचा, ही ती सवय.

प्रश्न : आरामशीनवरून आषाढात सागाचे तुकडे घेतो. पोळ्याला नंदी छान दिसतो, पण पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये पाठीवर किंवा छातीवर लांब भेग जाते. साग असूनही असं का होतं?
(हिंगणघाट परिसर)

दोष सागाचा नाही, ओलाव्याचा आहे. पावसाळ्यात उघड्या छपरीत पडलेल्या लाकडात 16 ते 18 टक्के ओलावा राहतो. तेच लाकूड मे महिन्यात, पारा 45 अंशांवर आणि हवा कोरडी असताना, 6-7 टक्क्यांवर येतं. ओलावा गेला की लाकूड आकसतं, पण सगळ्या बाजूंनी सारखं नाही. साग ओल्याचा पूर्ण कोरडा होताना गाभ्याकडून सालीकडे सुमारे अडीच टक्के आकसतो आणि वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने पाच टक्क्यांहून जास्त. पाच इंच रुंदीचं धड पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत दोन मिलिमीटरच्या आसपास कमी होतं. बाहेरचा थर आधी वाळतो, आतला ओला राहतो. बाहेरच्याला आकसायला जागा मिळत नाही, म्हणून तो फाटतो.

लाकूड माघात, फार तर फाल्गुनात घ्या आणि ओलं असतानाच कच्चा आकार कापून ठेवा. धड, पाय, डोकं, पाट (खालची चाकांची फळी) असे वेगळे तुकडे करा आणि प्रत्येक बाजूला अर्धा इंच जादा ठेवा. अख्ख्या ओंडक्यापेक्षा असे तुकडे कितीतरी लवकर वाळतात. कापलेल्या तोंडांना मेण किंवा उरलेला ऑइलपेंट फासा, कारण ओलावा तिथूनच सर्वांत वेगाने बाहेर पडतो आणि पहिली भेगही तिथेच पडते. थप्पी लावताना थरांमध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या ठेवा. थप्पी सावलीत हवी. एप्रिल-मेची झळ थेट लागत असेल तर त्या बाजूला गोणपाट टांगा. उन्हात घातलं की लवकर वाळतं हे खरं, पण ते वरवर वाळतं आणि फाटतं.

वाळलं की नाही हे हाताने कळत नाही. प्रत्येक थप्पीतला एक तुकडा खूण करून दर रविवारी तराजूवर ठेवा. किलोभराच्या तुकड्यात लागोपाठ दोन रविवारी पाच ग्रॅमपेक्षा कमी फरक पडला तर तो त्या हवेपुरता वाळला. नेमका आकडा हवा असेल तर तुकड्याच्या टोकाची नाही, मधली इंचभर चकती कापा. समजा ती 120 ग्रॅम भरली. सुमारे 103 अंशांच्या भट्टीत वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवल्यावर 107 ग्रॅम झाली, तर ओलावा 13 भागिले 107, म्हणजे 12 टक्के. जोडकामाला 10 ते 12 टक्के ओलावा योग्य. मेअखेरचं लाकूड याहून कोरडं असतं. ते जून उजाडल्यावर आठ-दहा दिवस हवेत राहू द्या आणि मग जोडा.

दोन गोष्टी वाळवूनही सुधारत नाहीत. खोडाचा अगदी मधला बिंदू धडात आला तर भेग जवळजवळ ठरलेलीच. फांदीचा अख्खा गोल तुकडा घेऊन धड कोरणाऱ्यांचे नंदी म्हणूनच फाटतात. त्यापेक्षा दीड इंची फळ्या एकमेकींवर चिकटवून, रात्रभर शिकंज्यात आवळून धड करा. दुसरी गोष्ट म्हणजे सागाचा बाहेरचा पांढरा थर. लाकूड पोखरणारा भुंगा त्यातल्या पिष्टावर जगतो आणि वर्षभरात नंदीखाली पिठासारखा भुगा दिसू लागतो. मुलं तोंडात घालतील अशा खेळण्याला कीडनाशक लावू नका. तो पांढरा थरच काढून टाका.

प्रश्न : ओढताना नंदीचा पुढचा पाय तुटतो. चाकं पावसात अडकतात, नाहीतर उन्हाळ्यात त्यांना चीर जाते.
(सिंदी रेल्वे परिसर)

पाय तुटतो तेव्हा तुटलेलं तोंड पाहा. ते आडवं आणि सपाट असेल तर पायात लाकडाच्या धाग्यांच्या रेषा आडव्या गेल्या आहेत. एकाच फळीतून धड-पाय कापणाऱ्यांचं हे नेहमीचं होतं: धडाला आडवी रेषा बरोबर असते, पण तीच पायात आली की पाय खडूसारखा मोडतो. पायाची रेषा वरून खाली उभीच हवी. म्हणून पाय वेगळे कापा आणि धडात 12 मिलिमीटरची खुंटी किमान सव्वा इंच आत जाईल असं बसवा. खुंटी वाळलेल्या सागाची किंवा बांबूची चालते. तिच्या अंगावर करवतीने एक बारीक उभी खाच मारा, नाहीतर भोकात अडकलेली हवा आणि फेव्हिकॉल खुंटीला पूर्ण खाली बसू देत नाहीत. पायाचा सांधा ढिला होण्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. भोक गिरमिटाने नुसत्या अंदाजाने पाडू नका. लाकडी ठोकळ्यात सरळ भोक पाडून फर्मा करा, त्यातूनच सगळ्या पायांची भोकं पाडा. चारही पाय एका पातळीत येतात.

फांदीच्या आडव्या चकतीचं चाक करू नका. वर सांगितलेला आकसण्यातला फरक चकतीत सगळ्यात जास्त दिसतो, आणि कडेपासून मध्यापर्यंत पाचरीसारखी चीर जाते. चाक फळीतून कापा. दोन पातळ फळ्यांच्या रेषा एकमेकींना काटकोनात ठेवून चिकटवल्या तर आणखी चांगलं.

चाक अडकण्याचं कारण वेगळं आहे. लाकडी आस मे महिन्यात घट्ट बसवला की श्रावणात फुगतो. 8 मिलिमीटरची लोखंडी सळई आणि चाकाला साडेनऊ मिलिमीटरचं भोक असू द्या, दोन्ही बाजूंना वायसर घाला. भोकात मेण घासलं की चाक वाजत नाही.

प्रश्न : ऑइलपेंट दोन-दोन दिवस चिकट राहतो, नंतर पापुद्रे निघतात.
(आर्वी)

सागात तेलकट अंश असतो, तो ऑइलपेंट वाळू देत नाही. पॉलिश पेपर 80, मग 120, मग 180 नंबरचा मारा. धूळ झटका, थिनरच्या फडक्याने पुसा आणि लगेच चपडा लाखेचा एक हात द्या (एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे 200 ग्रॅम चपडा, रात्रभर भिजवून गाळलेला). लाखेचा थर तेल आत कोंडतो, त्यावर रंग व्यवस्थित वाळतो. पावसाळी सकाळी लाख लावली तर पांढरट धुकं येतं. दुपारी 11 ते 4 मध्ये, हवा जरा मोकळी असताना लावा. चिंचोक्याची खळ आणि खडूचा थर जुना आहे आणि चांगलाही आहे, पण तो पूर्ण वाळलेला हवा. ओल्या खळीवर ऑइलपेंट मारला की पापुद्रे निघणारच.

रंग कुठून घेता हे त्याहून महत्त्वाचं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90) जास्त नसावं, असा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे आणि तसं डब्यावर छापलेलं असतं. गाड्यांच्या आणि यंत्रांच्या रंगांना हा नियम नाही. चकाकी येते म्हणून गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून पिवळा-नारिंगी आणू नका. शिसं असण्याची भीती याच रंगांत जास्त असते, आणि तान्ह्या पोळ्याचा नंदी दोन-तीन वर्षांच्या लेकराच्या हातात जातो.

प्रश्न : बारा इंची नंदी व्यापाऱ्याला 1500 रुपयांना देतो. लाकूड 540, रंग-सामान 120, माझी नऊ तासांची मजुरी 675. हिशेबाने 165 रुपये उरायला हवेत, पण हंगाम संपला की हातात काहीच नसतं.
(देवळी तालुका)

तुमच्या पत्रातली मापं जोडली: धड 12×4×5 इंच, चार पाय, डोकं, पाट, चाकं मिळून सुमारे 515 घनइंच. 1728 घनइंचांचा एक घनफूट, म्हणून 0.3 घनफूट. तुमच्या 1800 रुपये घनफुटाच्या भावाने 540 झाले. चूक इथेच आहे. हे कापलेल्या तुकड्यांचं माप आहे, विकत घेतलेल्या लाकडाचं नाही. गाठी, पांढरा थर, करवतीचा भुसा, फाटलेली टोकं यात शंभरातले चाळीस जात असतील, तर 0.3 घनफुटासाठी तुम्ही अर्धा घनफूट विकत घेता. लाकूड 900 रुपयांचं होतं.

900 अधिक 120 अधिक 675, त्यात वीज, पॉलिश पेपर, पात्यांना धार यांचे 60, एकूण 1755. वीसात एक नंदी बिघडतो असं धरून पाच टक्के मिळवले की 1843. नंदी 1500 ला गेला तर 343 रुपये तुमच्या मजुरीतून जातात, म्हणजे नऊ तासांचे तुम्हाला 332 रुपयेच मिळाले. व्यापाऱ्याला 1850 च्या खाली देऊ नका, आणि पोळ्याच्या बाजारात स्वतः बसाल तेव्हा दुकानभाडं, प्रवास आणि न विकलेला माल धरून भाव बराच वर ठेवा. स्वतः विकतानाही व्यापाऱ्याचाच भाव लावणं म्हणजे विक्रीची मेहनत फुकट देणं.

भाव वाढत नसेल तर लाकडाची नासाडी कमी करा. फळ्या चिकटवून केलेल्या धडात लहान तुकडे खपतात. एका वेळी एक नंदी पूर्ण न करता वीस नंद्यांचे ऐंशी पाय एकाच बैठकीत कापा, फर्मा आणि पातं बदलण्यातला वेळ वाचतो. लहान नंद्यांना सागाचा हट्ट सोडा. शिवण हलकं, पटाशीला मऊ आणि कमी हलणारं लाकूड आहे, रंगाखाली ते सागापेक्षा कमी पडत नाही. बल्लारपूर आगाराच्या लिलावातले सागाचे लॉट एकट्याला झेपत नाहीत. पाच-सहा जणांनी मिळून घ्या आणि वाहतुकीचा परवाना, पावती जपून ठेवा. बिलाशिवाय घेतलेला स्वस्त साग पकडला गेला तर हंगामच जातो.

प्रश्न : शहरातला दुकानदार आयएसआय मार्क मागतो. आम्ही कुठून आणायचा?
(उमरेड तालुका)

1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिराने बनवलेल्या आणि विकलेल्या मालाला यातून सूट आहे. म्हणून आधी त्या कार्यालयाचं कारागीर ओळखपत्र काढा आणि बिल स्वतःच्या नावाने द्या. ओळखपत्राची प्रत बिलाला जोडली की दुकानदाराचंही समाधान होतं.

सूट असली तरी सुरक्षेची मापं पाळा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा कोणताही सुटा होणारा भाग 31.7 मिलिमीटर व्यासाच्या चाचणीच्या नळीत पूर्ण मावता कामा नये, तो घशात अडकू शकतो. घुंगरू, काचेचे डोळे, खिळ्याने ठोकलेली शिंगं इथेच नापास होतात. डोळे रंगवा, घुंगरं मोठ्या मुलांच्या नंदीला ठेवा.

प्रश्न : विश्वकर्मा योजनेत सुतार म्हणून नाव घालू की खेळणी करणारा म्हणून?
(चिमूर)

केंद्र सरकारच्या या कारागीर योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्या यादीत हे दोन्ही आहेत, पण नाव एकातच घालता येतं आणि घरातल्या एकालाच. वर्षभर दारं-चौकटी करत असाल तर सुतार घाला. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं व्हाउचर मिळतं. 5 टक्के व्याजाचा पहिला 1 लाखाचा हप्ता मिळाला तर तो श्रावणातल्या रंगावर घालू नका. माघातल्या लाकडासाठी ठेवा.

प्रश्न : पोळा झाला की धंदा बंद. उरलेला माल पुण्या-मुंबईला पाठवतो, पण कुरियरचा खर्च नंदीच्या निम्मा होतो आणि शिंगं मोडतात.
(कळमेश्वर)

2025 मध्ये पोळा 22 ऑगस्टला होता. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे तो सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, म्हणजे जवळजवळ तीन आठवडे जास्त मिळतात. ते आगाऊ मागणी गोळा करण्यात घाला. विदर्भातली नोकरीसाठी बाहेर गेलेली कुटुंबं तिथेही लेकरांना बोजारा (तान्ह्या पोळ्याला घरोघरी मिळणारी भेट) मागायला नंदी देतात. त्यांना आषाढातच फोटो, माप आणि भाव पाठवा. पोळ्यानंतर त्याच फर्म्यावर बंडी, भोवरे, पांगुळगाडा घ्या. पांगुळगाड्याला सण लागत नाही, बाळं बाराही महिने चालायला शिकतात.

कुरियरवाला वजन आणि आकार यातलं जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतो. लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात. आठ इंची नंदीचं खरं वजन 1.4 किलो असलं तरी 30×20×28 च्या खोक्यात तो 3.36 किलोचा धरला जातो. पाय, शिंगं आणि चाकांचा पाट सुटे ठेवले तर 30×18×12 चं खोकं पुरतं. ते आकाराने 1.3 किलो भरतं, म्हणून पैसे खऱ्या 1.4 किलोचेच लागतात. त्यासाठी पायांच्या खुंट्या न चिकटवता बोटाने दाबून बसतील अशा करा, शिंगांना 6 मिलिमीटरची खुंटी द्या. मोठ्या मुलांसाठीच हा सुटा नंदी, तीन वर्षांखालच्यांना नको. डावं-उजवं शिंग उलटं बसलं की नंदी विचित्र दिसतो, म्हणून खुंटीवर एक आणि दोन टिंबं काढा, भोकाशीही तशीच. शिंगं कागदाच्या वेगळ्या पाकिटात गुंडाळा आणि पाकिटात एक जादा खुंटी टाका.