'सिन्स' की 'फॉर'? घोळ 'पासून'चा आहे

तू लिहिलेलं 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स' हे वाक्य वाचलं. ही चूक थेट मराठीतून येते. आपण 'दोन वर्षांपासून' म्हणतो आणि '2022 पासून'ही म्हणतो, एकाच 'पासून'वर भागतं. इंग्रजीत तसं भागत नाही. सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर 'सिन्स': सिन्स मंडे, सिन्स 2022. किती काळ ते सांगायचं असेल तर 'फॉर': फॉर टू इयर्स, फॉर टेन मिनिट्स.

अडलास तर मनात 'गेली' लावून बघ. 'गेली दोन वर्षं' जमतं, तिथे 'फॉर'. 'गेली 2022' कानाला खटकतं, तिथे 'सिन्स'. मी अजूनही असंच तपासतो.

पण तेवढ्याने वाक्य सुधारत नाही. 'काम करतोय' म्हणून 'ॲम वर्किंग' आलं ना? काम तेव्हा सुरू होऊन आजही चालू आहे, म्हणून 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स'. मुलाखतीत हे वाक्य हमखास लागतं, दहादा मोठ्याने म्हण.

नोकरी सोडली असेल तर 'आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स'. तिथे 'सिन्स' नकोच.