अकोल्याचा मे आणि घरातला पहिला पग

ताई, पगला फार जपा. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं. पगचं नाक आखूड, त्यामुळे तिथेच तो कमी पडतो. फिरायला पहाटेच न्या. संध्याकाळी ऊन उतरलं तरी डांबर तापलेलंच असतं. पालथा हात ७ सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसवलं नाही तर त्यालाही नाही. कूलर जरूर लावा, पण खिडकी उघडी ठेवून. कोंदट, दमट खोलीत धापेचा उपयोग होत नाही, हे बरेच जण विसरतात. जीभ गडद लाल, लाळ चिकट, चालताना झोकांड्या, असं दिसलं की ऊन लागलंय समजा, वाट बघत बसू नका. पोट, जांघा, पंजे साध्या गार पाण्याने भिजवा, पंखा लावा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, उष्णता आतच कोंडते. आणि लगेच डॉक्टरांकडे न्या, तो सावरलेला वाटला तरी.