बे एरियात बॅकयार्डमध्ये फायर पिट ठेवायला परवानगी लागते का? त्यात होळी पेटवली तर चालेल का?

कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला नवीन घर, बॅकयार्डमध्ये फायर पिट आणि त्यातच होळी, हा तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, आम्हीपण पहिल्या वर्षी हौसेने हेच केलं होतं.

इथे आगीचे नियम वेगळे आणि धुराचे वेगळे. आगीचं फायर कोडमध्ये असतं. जमिनीवर किंवा खड्ड्यात लाकडं रचून पेटवणार असाल तर ढीग ३ फूट रुंद आणि २ फूट उंच, त्यापेक्षा मोठा नको, आणि घरापासून, लाकडी कुंपणापासून २५ फूट लांब. आता इथल्या यार्डात २५ फूट मोजायला गेलात तर टेप शेजाऱ्याच्या किचनमध्ये पोचते. दुकानातून आणलेला हलवता येणारा पिट असेल तर १५ फूट, त्यातही स्वतंत्र घराला कोडमध्ये या अंतरातून सूट आहे (टाउनहाऊसवाल्यांनी खूश होऊ नका), पण शहरं आपापलं काहीतरी जोडतात म्हणून सिटीच्या फायरवाल्यांना एक फोन कराच. पाण्याचा पाईप हाताशी हवा आणि आग पूर्ण विझेपर्यंत कोणीतरी तिथेच बसलेलं हवं. एचओए (घरमालकांची सोसायटी) असेल तर त्यांचे कागदपण वाचा.

धुराचं एअर डिस्ट्रिक्ट, म्हणजे इथलं हवेच्या प्रदूषणाचं सरकारी खातं, बघतं. हवेत धुराचे बारीक कण वाढले म्हणून त्यांनी स्पेअर द एअर अलर्ट दिला असेल त्या दिवशी लाकूड जाळायचंच नाही, बाहेरच्या पिटमध्येसुद्धा नाही, आणि २०१९ पासून हे फक्त थंडीपुरतं नाही तर वर्षभर आहे. पहिल्यांदा सापडलात तर १०० डॉलर किंवा धुराबद्दलचा कोर्स, दुसऱ्यांदा ५००.

आमचं तर सगळं नियमात होतं, अलर्ट नाही, अंतर बरोबर, पाईप शेजारी, फक्त ऑनलाइन मागवलेल्या गोवऱ्या गॅरेजमध्ये राहून दमट झालेल्या. इतका धूर झाला की पुरणपोळी तव्यावर असतानाच फायर इंजिन दारात! त्यातला एकजण शांतपणे म्हणाला, धुराचा कोणाला त्रास होत असेल तर अंतर कितीही बरोबर असू दे, विझवायला लागणार. होळीला बोंब आपण मारायची, इथे शेजाऱ्यांनी मारली.

आता प्रोपेन गॅसचा पिट घेतलाय, त्याला अलर्टची बंदी नाही. त्यात लाकूडबिकूड काही टाकता येत नाही, मग नारळ नुसता ओवाळतो आणि आत नेऊन फोडतो.